‘तिच्या आजाराची परिषद, मी कशाला येऊ?’

वाचकाचं पत्र:

ताई, माझी धाकटी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला पाच वर्षांपासून जेआयए (जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस), म्हणजे लहान मुलांना होणारा संधिवात आहे. आमच्या पालकांच्या गटाने दोन दिवसांची कौटुंबिक परिषद ठरवलीय आणि 13 ते 17 वयाच्या भावंडांचा कार्यक्रम माझ्या गळ्यात पडलाय. वीसेक मुलं असतील. मागच्या वेळी एक सिनेमा, थोडी चित्रकला आणि ‘आजार समजून घेऊ या’ असं व्याख्यान ठेवलं होतं. निम्मी मुलं मोबाइलमध्ये होती, उरलेली जिन्यात. माझा मोठा मुलगा पंधराचा आहे. तो म्हणतो, ‘तिच्या आजाराची परिषद, मी कशाला येऊ?’ त्याची त्याच शनिवारी बास्केटबॉलची मॅचही आहे, पण मॅच काय, पुन्हा होतील. त्याने यावं असं आम्हाला वाटतं, म्हणजे बहिणीला काय सोसावं लागतं ते त्याला कळेल. या मुलांसाठी कोणते उपक्रम ठेवता येतील?

उत्तर:

तुमच्या पत्रात ‘त्याला कळेल’ असं आलंय, तिथेच मी अडखळले. अहो, त्याला कळतंय. हे सुरू झालं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. सकाळी तिचा गुडघा आखडलेला असतो, आणि तासाभराने तीच मुलगी जिना उतरून जाते, हे त्याने शेकडो वेळा पाहिलंय. ती मेथोट्रेक्झेट, म्हणजे या आजारावरचं आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध, घेत असेल तर आठवड्यातला तो एक वार त्याला तोंडपाठ असणार, कारण त्या दिवशी घराचा आवाज बदलतो. त्या औषधाचा पिवळा रंग नुसता दिसला तरी काही मुलांना मळमळायला लागतं. अशा घरातली भावंडं पिवळी वस्तू हळूच बाजूला सरकवून ठेवतात. त्यांना हे कोणी शिकवलेलं नसतं.

त्यामुळे या मुलांना आजार समजावून सांगण्याचा कार्यक्रम करू नका. तो मागच्या वेळी झाला आणि मुलांनी जिन्यात जाऊन आपलं मत दिलं. त्यांच्याकडे माहिती असते, पण ती ज्याच्याशी बोलावी असा माणूस नसतो. मित्रांना सांगावं तर ‘संधिवात? तो तर म्हाताऱ्यांना होतो ना?’ इथपासून सुरुवात. आईबाबांना सांगावं तर त्यांच्या चेहऱ्यावर आधीच इतकं ओझं असतं की आपलं गाऱ्हाणं गिळलेलं बरं. अशा वीस मुलांना एकत्र बसू देणं हाच मोठा उपक्रम. बाकीचे खेळ म्हणजे ती बसावीत म्हणून काढलेल्या युक्त्या.

पण एक अट आहे आणि ती तुम्हाला आवडणार नाही. त्या खोलीत तुम्ही असायचं नाही. तयारी करा, सामान आणा, वेळापत्रक बांधा. दार लागल्यावर मात्र आत कोणाचाच पालक नको. तुमचा मुलगा येवो न येवो, एका जरी मुलाला वाटलं की ‘ही आईच्या ओळखीची बाई आहे’, तरी सगळं शहाण्यासारखं होऊन बसेल. आतली मोठी माणसं दोन प्रकारची हवीत. एक, विशी-बाविशीतली अशी ताई किंवा दादा, ज्यांचं स्वतःचं भावंड असंच दीर्घ आजारी आहे. दुसरा, मुलांबरोबर काम केलेला समुपदेशक. पहिल्यामुळे मुलं बोलतील आणि बोलताना कोणाला रडू फुटलं तर दुसरा सावरेल. वीस मुलांना असे तिघे-चौघे पुरतात. सुरुवातीलाच नियम स्पष्ट सांगून टाकायचा: इथलं बोलणं इथेच राहील, फक्त कोणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या गोष्टी बोललं तर आम्ही गप्प बसणार नाही. हा अपवाद आधी सांगितला की विश्वास कमी होत नाही, उलट मोठी माणसं खरं बोलतायत हे मुलांना पटतं.

आता वेळ. सकाळी आठला काहीही ठेवू नका. संधिवात असलेल्या मुलांचे सांधे सकाळी आखडलेले असतात आणि कुमारवयीनांचे डोळे. सगळ्या परिषदेलाच साडेनऊ-दहाची सुरुवात मानवेल.

पहिल्या तासात ‘नाव सांगा, भावंडाचा आजार सांगा’ हा प्रकार मुळीच नको. मुलांची ओळख आजाराच्या नावाने झाली की पुढचे दोन दिवस ती ‘अमक्याचा भाऊ’ होऊनच बसतात. त्याऐवजी जमिनीवर एक लांब रंगीत पट्टी चिकटवा. ताई एक वाक्य वाचते, ते ज्याला लागू असेल त्याने रेघेवर येऊन उभं राहायचं, कोणाकडे बघायचं असेल तर बघायचं आणि न बोलता परत जायचं. सुरुवात हलकी: ‘माझा मोबाइल मी उशीखाली ठेवून झोपतो.’ ‘मी आज इथे जबरदस्तीने आलेय.’ या वाक्याला जवळजवळ सगळी रेघेवर येतील, हसतील आणि बर्फ तिथेच फुटेल. मग हळूहळू: ‘घरी मला विचारलेला पहिला प्रश्न भावाबद्दल असतो.’ ‘तपासणीच्या तारखेमुळे माझा एखादा कार्यक्रम हुकलाय.’ ‘मला कधीतरी वाटलंय की आपणच आजारी पडावं.’ या शेवटच्या वाक्याला कोणी लगेच हलत नाही. मग एक पाऊल पडतं, मागोमाग सात-आठ. मी स्वतः पहिल्यांदा त्या रेघेवर उभी राहिले तेव्हा बावीस वर्षांची होते, तिथे ताई म्हणून गेले होते, आणि माझी धाकटी बहीण तोवर दहा वर्षं औषधांवर होती. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या बुटांची लेस सुटली होती एवढंच आता लख्ख आठवतं, कारण मान वर करायची हिंमत नव्हती. म्हणून रेघेवर न येण्याची मुभा आणि खोटं उभं राहण्याचीही मुभा हवी. कोणालाही ‘तू का आलास?’ असं विचारायचं नाही.

दुसरा उपक्रम प्रश्नपेटीचा. माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. बंद खोका, सारख्या चिठ्ठ्या, सारखी पेनं. प्रत्येकाने निदान एक चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी, म्हणजे कोणी लिहिलं ते कळणार नाही. दुपारी बालसंधिवाताचे डॉक्टर येतात आणि तासभर फक्त चिठ्ठ्यांची उत्तरं देतात. स्लाइड नाहीत, भाषण नाही. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की प्रश्न सांध्यांबद्दल वाटले तरी मुलं स्वतःबद्दल विचारत असतात.

‘मलाही होईल का?’ ही चिठ्ठी येणारच. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्यात पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, म्हणून भावंडांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, पण बहुतेक भावंडांना तो कधीच होत नाही. हे सरळ शब्दांत एकदा ऐकलं की गुडघा जरा दुखला तरी रात्रभर जागणारी मुलं झोपायला लागतात. अशी मुलं असतात, ती घरी बोलत नाहीत एवढंच.

‘माझ्यामुळे झालं का?’ ही चिठ्ठी अक्षर बदलून लिहिलेली असते. लहानपणी भांडणात ढकललं, ती पडली, गुडघा सुजला, आणि तिथून सगळं सुरू झालं असा हिशोब कित्येक मुलांनी वर्षानुवर्षं मनात ठेवलेला असतो. डॉक्टरांनी इथे घाई करू नये. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते तेव्हा ही सूज येते. पुष्कळदा आधीपासून असलेली सूज पडल्याच्या निमित्ताने फक्त नजरेला येते. ढकलण्याने जेआयए होत नाही. आजाराच्या नावातल्या ‘इडिओपॅथिक’चा अर्थच मुळी ‘कारण माहीत नसलेला’. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेला, निदान 6 आठवडे टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला संधिवात, ही त्याची व्याख्या. मोठ्यांनाही कारण माहीत नाही हे कळल्यावर मुलं कारण स्वतःकडे घेणं सोडतात.

मग ‘ती नाटक करते का?’ मुलं हा प्रश्न नेहमी वेगळ्या शब्दांत लिहितात: ‘आवराआवरीच्या वेळीच का दुखतं?’ याचं शास्त्रीय उत्तर आहे. एका जागी बसून राहिलं की हे सांधे आखडतात आणि हालचालीने सैल होतात, म्हणून सकाळी लंगडणारी मुलगी संध्याकाळी पळताना दिसू शकते. डोळ्यांचंही तसंच. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते, युव्हिआयटिस, आणि बहुतेकदा डोळा लालही होत नाही, दुखतही नाही. म्हणून काही मुलांना दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळे तपासून घ्यावे लागतात. भावंडाला दिसतं ते एवढंच की डोळ्याला काही झालेलं नसताना आईने पुन्हा सुट्टी काढली. हे समजावून झालं की डॉक्टरांनी आणखी एक वाक्य बोलावं असं मी नेहमी सांगते: ‘आणि हो, कधीकधी ती आवराआवरी टाळायलाही दुखण्याचं नाव घेत असेल. तीही लहान मुलगीच आहे.’ खोलीत जो हशा पिकतो तो ऐकण्यासारखा असतो. तुमच्या मुलीला हे सांगू नका.

‘ती बरी होईल का?’ याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं. जेआयएचे प्रकारच सात. काहींचा आजार शांत होतो, काहींची औषधं मोठेपणीही चालू राहतात. डॉक्टरांनी हेही सांगावं की 1999 मध्ये अमेरिकेत एटानरसेप्ट हे या मुलांसाठी मंजुरी मिळालेलं पहिलं बायोलॉजिक (सूज वाढवणाऱ्या नेमक्या घटकाला रोखणारं) औषध आलं आणि तिथून चित्र पुष्कळ पालटलं. आजीच्या पिढीतल्या वाकड्या बोटांच्या गोष्टी मुलांच्या कानावर असतात. त्या आजच्या मुलांना जशाच्या तशा लागू नाहीत, हे कोणीतरी सांगायला हवं.

एखादी चिठ्ठी अगदी व्यवहारी असते: वर्गात कांजिण्या आल्या तर? तर त्याच दिवशी घरी सांगायचं, कारण बहिणीच्या औषधांनी तिची प्रतिकारशक्ती दबलेली असू शकते. स्वतःच्या लसी वेळेवर घेतल्या तर तिचंही रक्षण होतं. कुमारवयीनांना अशी नेमकी जबाबदारी आवडते. त्यांना चिडवतो तो ‘समजून घे ना जरा’ असा मोघम उपदेश.

एवढं बसून झाल्यावर त्यांना पळवा. इथे पालकांची हमखास चूक होते: परिषद संधिवाताची म्हणून भावंडांचे खेळही सांभाळून, बसल्या जागेचे. उलट करा. ही मुलं घरी आपला वेग कमी करून जगतात, बहिणीसमोर उड्या मारायच्या नाहीत, ट्रेकचे फोटो दाखवायचे नाहीत. त्यांना दोन तास भिंतीवर चढू द्या, घाम फुटेपर्यंत डॉजबॉल खेळू द्या, हरण्यावरून भांडू द्या. ‘मला पळता येतं’ याची लाज वाटू नये असा दुपारचा तुकडा त्यांना मिळाला पाहिजे.

संध्याकाळी सगळी भावंडं एकत्र आणायची असतील तर शरीराची ताकद ज्यात मोजली जात नाही असं काही ठेवा. कोडी सोडवून कुलूप उघडायचा खेळ, प्रश्नमंजूषा, मोबाइलवर तीन मिनिटांचा मूकपट. कोमट पाण्याचा तलाव मिळाला तर सोन्याहून पिवळं. (पिवळा शब्द आला, माफ करा.) पाण्यात सांध्यांवर भार कमी येतो, त्यामुळे भाऊबहीण बऱ्याच दिवसांनी बरोबरीने दंगा करू शकतात. मात्र जोड्या लावताना सख्खी भावंडं एकाच संघात टाकू नका. घरी ती एकाच संघात असतातच.

सदर लिहिणाऱ्या बाईने हे सांगणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय, तरी सांगते. डॉन मेयर यांनी 1982 मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांच्या भावंडांसाठी ‘सिबशॉप’ नावाच्या कार्यशाळा सुरू केल्या. त्या मुख्यतः 8 ते 13 वयासाठी. त्यातल्या एका उपक्रमात एका काल्पनिक सल्लागार मावशीला भावंडांची पत्रं येतात आणि उत्तरं मुलांनी द्यायची असतात. हा उपक्रम तुमच्या वयोगटाला चपखल बसतो. पत्रं तुम्ही आधी लिहून ठेवा: ‘मित्र घरी आले की बहीण स्प्लिंट (सांध्याला आधार देणारी पट्टी) लपवते आणि मलाही लपवायला लावते’, ‘मला लांबच्या कॉलेजात जायचंय, पण मी गेलो तर आईला मदत कोण करेल?’ पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना स्वतःचा प्रश्न मांडायला जड जातं, दुसऱ्याला सल्ला द्यायला मात्र ती उतावीळ असतात. आणि देतात तो सल्ला, खरं सांगते, माझ्यापेक्षा बरा असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना काहीतरी बनवू द्या. मला आवडलेला प्रकार म्हणजे पटावरचा खेळ. मोठा पुठ्ठा, फासे, घरं, आणि पत्त्यांचा गठ्ठा मुलांनी लिहायचा. ‘आज तुझा निकाल. आईबाबा हॉस्पिटलमध्ये. शाबासकी उद्या. एक डाव थांब.’ ‘नातेवाइकांनी तिच्यासाठी भेट आणली, तुझ्यासाठी तिची चौकशी. दोन घरं मागे.’ ‘इंजेक्शनच्या वेळी तिने तुझा हात धरला. तीन घरं पुढे.’ शेवटच्या तासात हा खेळ पालकांनी खेळायचा, आणि मुलांनी बाजूला उभं राहून बघायचं. कोणता पत्ता कोणी लिहिला हे गुलदस्त्यात. पालकांना एकच नियम: पत्ता मोठ्याने वाचायचा, सोंगटी हलवायची, खुलासा करायचा नाही. ‘अरे पण त्या दिवशी आम्ही...’ असं सुरू झालं की त्या पालकाचा डाव गेला. हा नियम मी विनोद म्हणून घालत नाही.

मुलांना व्हिडिओ किंवा पॉडकास्ट करायचा असेल तर करू द्या, पण आजारी भावंडाचं नाव, फोटो, औषधं यात आणायची तर त्या भावंडाची परवानगी घ्यायची. बहिणीचा आजार तिच्या मालकीचा आहे. आपल्याला काय वाटलं ते मात्र आपल्या मालकीचं, त्याला परवानगी लागत नाही. ही सीमारेषा कुठे, यावर मुलांमध्ये अर्धा तास वाद झाला तर तोच कार्यक्रम समजा. आणि मोबाइल काढून घेऊ नका. परिषद संपल्यावर ही मुलं एकमेकांशी जोडलेली राहणार ती त्याच यंत्रावर.

मोठी मुलं आहेत तर छोट्यांच्या पाळणाघरात मदतीला लावू, असं कोणीतरी सुचवेलच. तिथे ठाम नाही म्हणा. ती वर्षभर घरात अर्धे पालक असतात. दोन दिवस तरी ती नोकरी नको.

राहिला तुमचा मुलगा. वरचं सगळं सुंदर जमवलंत तरी शनिवारी तो त्या खोलीत असू नये असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंत, मॅच काय, पुन्हा होतील. हे वाक्य त्याने गेल्या पाच वर्षांत किती वेळा ऐकलं असेल? पटावरच्या खेळातला पहिला पत्ता तुमच्याच घरात लिहून तयार आहे. त्याला मॅचला जाऊ द्या. तुम्ही दोघांपैकी एकाने परिषद सोडून त्याच्याबरोबर जा, आणि तिथे फोन बंद ठेवून बसा. मुलीपाशी दुसरं कोणी थांबेल, ती बारा वर्षांची आहे, तिचं तिला कळतं. रविवारी यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या, आणि विचारताना ‘तिच्यासाठी ये’ म्हणू नका. जमिनीवर पट्टी आहे, चढायला भिंत आहे, आईबाबांना आत मज्जाव आहे, एवढंच सांगा. नाही आला तर नाही.

तुम्ही शनिवारी मॅचला गेलात तर परिषदेतल्या त्या खोलीचं काय, हा प्रश्न पडला असेल. तिथे तुम्ही तसंही नसणारच होतात.